आधी रॉकेट, मग नवरदेव

लग्न ठरायच्या आधी माझं रॉकेट माझ्या सासरी पोहोचलं होतं. मी मागून टांग्याने गेलो.

हे मी बढाई म्हणून सांगत नाही. (थोडी बढाई आहे. पण ती रॉकेटबद्दल आहे, नवरदेवाबद्दल नाही.) आमच्या नात्यात ही गोष्ट जो तो तिखटमीठ लावून सांगतो. कुणी म्हणतं म्हैस मेली, कुणी म्हणतं रावेत गाव जळता जळता वाचलं. साफ खोटं! म्हशीने फक्त दूध बंद केलं होतं, आणि तेही चारच दिवस.

तेव्हा मी पिंपरीत एका कंपनीत टूलरूमला टर्नर होतो, म्हणजे लेथवर लोखंड कातणारा. बाकीची कंपनी गाड्यांचे पार्ट बनवायची आणि टूलरूम ते पार्ट बनवायची हत्यारं बनवायची. त्यामुळे टूलरूमच्या माणसाची मान कायम वर. माझी तर इतकी वर, की पायाखाली काय आहे ते दिसतच नसे. माझ्या कामात केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढी चूक निघाली तर मला झोप लागत नसे. दुसऱ्याच्या निघाली तर मात्र फार गाढ लागायची.

एके दिवशी रेडिओवर देशाचं रॉकेट वर गेल्याची बातमी लागली. मी आण्णांना म्हणालो, "त्यात काय एवढं? नळीच तर आहे. एका अंगाने बंद, दुसऱ्या अंगाने उघडी."

आण्णा म्हणजे माझे वडील. कराडकडून येऊन इथे बॉयलर अटेंडंट म्हणून लागलेले. जगातली प्रत्येक वस्तू त्यांच्या लेखी बॉयलर होती. आई चिडली की "प्रेशर वाढलंय, मी जरा चक्कर मारून येतो," म्हणून चपला घालायचे. मग मी तशी एक नळी घरी आणली, ती त्यांनी चारी बाजूंनी निरखून बघितली.

"सेफ्टी व्हॉल्व्ह कुठाय ह्याला?"

"रॉकेटला सेफ्टी व्हॉल्व्ह नसतो, आण्णा."

"मग ते रॉकेट न्हाई लेका, अपघात हाय."

पण मी कुणाचं ऐकणाऱ्यातला नव्हतो. दोन महिने खपून मी दोन मोटरी आणि एक रॉकेट तयार केलं. मोटर म्हणजे रॉकेटच्या पोटातली ती मसाला भरलेली नळी, जी पेटली की सगळं वर जातं. (मसाल्यात काय होतं ते आईने तेव्हा विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका.) मोटरीचं तोंड मी लेथवर काढलं. असलं तोंड, की आत बोट फिरवलं तर लोण्यात फिरवल्यासारखं वाटावं! तीन पंख कापले आणि सोनाराच्या काट्यावर घालून एकसारखे केले. शेवटी टूलरूमच्या रिवाजाप्रमाणे रॉकेटच्या अंगावर माझा टोकन नंबर ठोकला, ४१७. आमच्याकडे ज्याने काम केलं त्याचा नंबर कामावर असतो. काम चुकलं तर धरायला सोपं जातं.

आता ह्या सगळ्याचा माझ्या लग्नाशी संबंध असा की दोन्ही एकाच गुरुवारी आलं. आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. त्याच गुरुवारी दुपारी मामा मला मुलगी दाखवायला रावेतला नेणार होता. ही चौथी. आधीच्या तिघींनी नकार दिला होता. पहिलीला माझ्या हाताला ऑइलचा वास आला. दुसरीच्या वडिलांना मी त्यांच्या घराच्या दाराचा कोन चुकलाय हे सांगितलं. तिसरीचं कारण मामाने मला कधी सांगितलंच नाही, म्हणजे ते फारच खरं असणार.

"अशोक," मामा आदल्या दिवशी म्हणाला, "हे स्थळ मोडलं ना राव, तर मी तुझ्यापायी पुन्हा चप्पल झिजवणार नाही. ब्रह्मचारी राहा आणि लेथशी लग्न कर."

मी मनातून हबकलो. कारण ही मुलगी मी पाहिली होती! सुमन तिचं नाव. चिंचवडच्या बाजारात तिने एका भाजीवाल्याचा तराजू उलटा करून, त्याच्या पारड्याखाली चिकटवलेलं चिंचेचं बोटुक काढून त्याच्या हातात ठेवलं होतं. एक शब्द न बोलता! काट्यातली खोट एका नजरेत ओळखणारी मुलगी! मला हीच बायको हवी होती, दुसरी नको होती. म्हणून मी ठरवलं, सकाळी रॉकेट उरकायचं, अंघोळ करायची आणि दुपारी जगज्जेत्यासारखं मुलगी बघायला जायचं. चेहऱ्यावर तेज असलं की मुलीकडचे नाही म्हणत नाहीत, असा माझा हिशेब होता.

सकाळी पहिली मोटर चाळीच्या मागच्या अंगणात तपासायला घेतली. उडवायची नाही, नुसती पेटवून जोर किती आहे ते बघायचं. त्यासाठी ती जड वस्तूला जखडावी लागते. घरातली सगळ्यात जड वस्तू म्हणजे आईचा वाटणाचा पाटा. मी मोटर पाट्यावर आडवी ठेवली आणि दोन क्लॅम्पने आवळली.

"आडवी का लावली?" आण्णांनी विचारलं. "तोंड आभाळाकडं कर, म्हंजी जोर जमिनीत जाईल."

"आण्णा, पाटा दीड मणाचा आहे. हलतोय कशाला?"

वात पेटवली. सुर्र झालं, आणि पाटा निघाला! अंगणातल्या ओल्या फरशीवरून असा निघाला, की मला वाटलं आता कंपनीच्या गेटवर जाऊन पंच मारतो. वाटेत आण्णांच्या अंघोळीचा बंब होता. पाट्याने बंबाला धडक दिली, बंब आडवा झाला, आतलं आधण, राख, निखारे, काजळी सगळं वर उसळलं आणि दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर जाऊन बसलं. बघण्याच्या कार्यक्रमाचा तोच एक सदरा!

"पाटा हलला! आण्णा, दीड मणाचा पाटा हलला!" मी नाचत होतो.

आई बाहेर आली. तिने पाट्याकडे पाहिलं, बंबाकडे पाहिलं, सदऱ्याकडे पाहिलं.

"अरे मेल्या, मुलगी बघायला काय घालून जाणारेस? क्लॅम्प?"

आण्णा चपला शोधू लागले.

शेवटी ठरलं की मी कंपनीचा युनिफॉर्म घालून जायचं. तेवढाच धुतलेला होता. निळा, खिशावर बिल्ला शिवलेला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट म्हटलं, बरं झालं, मुलगा कंपनीत पर्मनंट आहे हे न विचारता कळेल.

मग रॉकेट काढलं. आणि इथे मी ती चूक केली, जी फक्त कंपनीतला माणूसच करू शकतो. आमच्याकडे नवीन मशिन पूजेशिवाय चालू होत नाही. साधा ग्राइंडर आला तरी हार, हळदकुंकू, लिंबू-मिरची, नारळ. त्याशिवाय बटणाला हात लावायची कुणाची छाती नाही. रॉकेट म्हणजे तर माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं मशिन! मी आईला हाक मारली. तिचा राग होता, पण पूजेला आई नाही म्हणत नाही. तिने रॉकेटच्या नाकाला हळदकुंकू लावलं, ओवाळलं आणि झेंडूचा चांगला हातभर हार घातला. हार घसरायला लागला म्हणून मी तो एका पंखाला अडकवला. त्याच पंखाला बाइंडिंग वायरने लिंबू-मिरची पक्की आवळली. सोनाराच्या काट्यावर गुंजभर फरक चालत नव्हता त्या पंखाला मी अर्धा बाजार लटकवला, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला नाही! सांगताना आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आकुर्डीच्या मागच्या माळावर आण्णा आणि मी गेलो. रॉकेट सरळ उभं राहावं म्हणून मी लोखंडी अँगलचा घोडा बनवला होता. लेव्हल लावून तो सुतात उभा केला. आण्णांनी नारळ काढला आणि मी "आण्णा, दगडावर..." म्हणेपर्यंत घोड्याच्या पायावरच फोडला. खण्ण!

"झालं," आण्णा म्हणाले. "आता काय व्हायचं ते देव बघंल."

देवाने बघितलं. रॉकेट ताडाएवढं वर गेलं. तेवढ्यात मी आण्णांना मिठी मारली. मिठी सोडवून वर बघतो तर रॉकेट वळलं होतं. ते आडवं झालं, हार फडफडवत बाभळींच्या डोक्यावरून नदीच्या अंगाला गेलं आणि दिसेनासं झालं.

"वर जायचं होतं ना रं?" आण्णांनी विचारलं.

"गेलं की वर. मग आडवं गेलं."

"पडलं कुठं?"

"नदीत. दुसरीकडे जाणारच नाही," मी छातीठोकपणे सांगितलं. त्या बाजूला नदीच्या अलीकडे रावेत होतं, ते माझ्या हिशेबात आलंच नाही.

दुपारी आम्ही टांग्यात बसलो. मामा, आई, आण्णा आणि मी. मामाने माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. "नवरा मुलगा आहे की लाइटचं मीटर बघायला निघालाय?"

रावेतला सुमनचे वडील, तात्या, दारातच उभे होते. चेहरा पडलेला. ओसरीवर नेऊन त्यांनी आम्हाला घोंगडीवर बसवलं. आतून बायकांची कुजबुज येत होती. मग सुमन चहा घेऊन आली. खाली मान, हातात कपबशांचं ताट. माझ्यासमोर आल्यावर तिची नजर माझ्या खिशावर एकदा थांबली आणि तिने ओठ दाबून धरले. मी मनात म्हटलं, युनिफॉर्म आवडला!

चहा कोरा होता. मामाने कपात बघितलं. शेतकऱ्याच्या घरी, दारात म्हैस, आणि सोयऱ्याला कोरा चहा! नात्यात याचा अर्थ सरळ असतो.

"म्हशीनं सकाळधरनं दूध चोरलंय," तात्या खालच्या आवाजात म्हणाले. "पाव्हनं, तुमच्यापासनं लपवून काय उपेग? आमच्या घरावर कुनीतरी करणी केलीया."

"करणी?" आई दचकली.

तात्यांची बहीण, सगळे तिला आत्या म्हणत, आतून एक टोपली घेऊन आली. टोपलीखाली सूप, टोपलीवर विळा आडवा ठेवलेला. तिने विळा बाजूला केला, टोपली उचलली, आणि सुपात माझं रॉकेट होतं.

मी कोरा चहा गिळला. आण्णा खोकायला लागले.

"आभाळातनं आलं वो!" आत्या सांगू लागली. "सकाळी मी श्यान काढत हुते. फुत्कार टाकत आलं, कौल फोडून गव्हाणीत म्हशीच्या म्होरं पडलं. हार म्हशीनं खाल्ला. पन ह्ये बघा, कुक्कू हाय. लिंबू-मिरची तारंनं बांधलीया. आन ह्ये आकडे कोरल्यात. चार, एक, सात. जंतर हाय त्ये! पोरीला बघायला पाव्हनं यायच्या दिशीच आलं, म्हंजी कुनाला तरी ह्ये लगीन व्हऊ द्यायचं न्हाई."

"आता काय करणार?" मामाने विचारलं.

"देवरुषी यायलाय. त्यो ह्ये नदीकाठी पुरंल. पन आमी ठरवलंय," आत्याने पदर डोळ्यांना लावला, "असल्या करणीवर सोयरीक करू नये. पोरीचं वाईट व्हईल. तुमी चांगली मानसं हायसा, पन राग मानू नका."

झालं! चौथंही गेलं! आणि मी असा कात्रीत सापडलो की विचारू नका. गप्प बसलो तर करणीपायी लग्न मोडतंय. बोललो तर गोठ्याचं कौल फोडणारा माणूस म्हणून मोडतंय. आण्णांनी माझी मांडी दाबली. "गप बस," ते ओठ न हलवता पुटपुटले. आई डोळ्यांनी जमीन उकरत होती. मी ठरवलं, गप्प बसायचं. शांत डोक्याने काहीतरी युक्ती काढायची. माझं डोकं अशा वेळी फार शांत असतं.

तात्यांनी रॉकेट हातात घेतलं आणि उलटंपालटं केलं.

"कुन्या हलकटाचं काम हाय कुनाला ठावं."

मी गप्प बसलो.

"अक्कल न्हाई, काय न्हाई. गाढवच असनार."

मी गप्प बसलो. आण्णांनी मान डोलावलेली मला दिसली.

तात्यांनी रॉकेटच्या तोंडात बोट घातलं. "आन काम बी भिकार! ह्ये भोक बघा. खिळा ठोकून पाडल्यागत वाकडंतिकडं."

"वाकडंतिकडं?" मी ताडकन उभा राहिलो. "लेथवर काढलंय ते! दोन रात्री घालवल्यात! बोट नीट फिरवून बघा, कुठे खरबरीत लागतंय? सांगा ना, कुठे? पिंपरी ते चाकण असलं तोंड काढून दाखवणारा दुसरा टर्नर आणा, मी मिशी उतरवतो!"

आत म्हशीने शेपटी मारलेली ओसरीवर ऐकू आली. मामाने तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं.

"म्हंजी," तात्या सावकाश म्हणाले, "ह्यो बाण तुमचा व्हय?"

"बाण नाही. रॉकेट," मी म्हणालो. एवढं सगळं गेल्यावर निदान नाव तरी बरोबर घ्यावं!

"अगं बया!" आत्याच्या तोंडावर एकदम उजेड आला. "म्हंजी करणी न्हाई?"

"नाही हो आत्या. टूलरूम आहे."

"मग ते कुक्कू? लिंबू?"

"ते आईने लावलं," मी गडबडीत म्हणालो. "तिच्या हारामुळेच वळलं ते, नाहीतर सरळ वर जात होतं."

"माझ्यावर ढकलतोस व्हय रे!" आई उसळली. "लिंबू कुणी बांधलं तारेनं? आणि नारळ ह्यांनी घोड्यावर फोडला, हे तूच सांगितलंस ना घरी!"

"नारळाचा काय संबंध?" आण्णा म्हणाले. "मी पहिल्या दिसापासनं सांगतोय, ह्याला सेफ्टी व्हॉल्व्ह न्हाई!"

आणि आम्ही तिघे, मुलीकडच्यांच्या ओसरीवर, त्यांच्या घोंगडीवर बसून, हार की नारळ की व्हॉल्व्ह यावरून असे भांडलो, की रस्त्यावरचे चार लोक आत येऊन बसले. मामा तेवढा भिंतीकडे तोंड करून बसला होता.

तात्यांनी हात वर केला. "गप ऱ्हावा! आदी माझं कौल कोन घालनार?"

"मी घालतो," मी म्हणालो. "आत्ता घालतो."

"सुमे, दाव ह्यांना गोठा."

आता बघा, त्या काळी बघायला आलेल्या मुलाला मुलीशी दोन वाक्यं बोलायला मिळाली तरी नशीब म्हणायचं. मी मात्र तिच्याबरोबर सरळ गोठ्यात! मी शिडीवर, ती खालून कौलं देतेय, म्हैस दोघांकडे संशयाने बघतेय. वाटलं, आता नाही म्हणतील, आणि ही माझ्या हातून कायमची जाईल.

"चहा देतानाच ओळखलं होतं," ती अचानक म्हणाली.

"काय?"

"खिशावर चारशे सतरा. त्याच्यावर बी चारशे सतरा."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"तुमी किती वेळ गप बसताय ते बघत हुते." ती हसली. "हलकट म्हनलं, गाढव म्हनलं, तरी ऐकून घेतलं. कामाला नावं ठेवल्यावर उठलासा."

मी शिडीवरून पडता पडता राहिलो.

"आन एक इचारू? एकाच पंखाला एवढं वजन बांधल्यावर ते सरळ कसं जाईल?"

दोन महिने! सोनाराचा काटा, लेव्हल, लेथ, टूलरूमची सगळी मिजास! आणि ह्या मुलीने एका वाक्यात सांगितलं. मला तिथेच, शेणाच्या वासात, तिच्या पाया पडावंसं वाटलं. फार आवडली ती मला. इतकी आवडली की मी एक कौल उलटं घातलं.

खाली आलो तेव्हा ओसरीवर निकाल लागला होता. आई डोळे पुसत होती, मामा चक्क माझ्याकडे बघून हसला. तात्यांनी होकार दिला होता! मला आनंद झाला, पण खरं सांगू, आश्चर्य अजिबात वाटलं नाही. त्यांनी ते तोंड बोटाने नीट तपासलं असणार, असं मी धरून चाललो. जाणकार माणूस! मुलाचा पगार नाही, घर नाही, हात बघून मुलगी देणारा!

पुढे कित्येक वर्षं मी हे कंपनीत सांगायचो. नवीन पोरं टूलरूमला लागली की त्यांना उभं करून सांगायचो, "काम असं करा की बघणाऱ्याने पोरगी दिली पाहिजे!" पोरं माना डोलवायची. मी आणखी वर मान करायचो.

मग माझ्या मेव्हण्याच्या लग्नात पंगत बसली होती. कुणीतरी तात्यांना विचारलं, "तात्या, थोरल्या जावयात काय बघून पोरगी दिली वो तुमी?" मी शेजारीच बसलो होतो. जिलबी खाली ठेवून, सदरा नीट करून मी ऐकायला सरसावलो.

"बघायचं काय त्यात?" तात्या भात कालवत म्हणाले. "ह्यो गडी आकुर्डीला बसून काय करंल न् कवा कुठनं येऊन पडंल, काय नेम हाय का? म्हनलं जावईच करावं. निदान उडवायच्या आदी आपल्याला सांगंल तरी!"